पत्राचा उंबरठा : घरच्या टपालपेटीचा इतिहास आणि घडण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. आजचा विषय मी कळविला तेव्हा संयोजकांना थोडे नवल वाटले असावे. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक बोलणार म्हणजे संतवाङ्मयावर बोलेल, फार तर ऐतिहासिक पत्रव्यवहारावर. तो घराच्या फाटकाशी बांधलेल्या विटांच्या टपालपेटीवर कशाला बोलेल? नवल रास्त आहे. परंतु सुमारे पस्तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना पत्रे शिकविली. पत्राचा मायना, त्याची भाषा, त्यातील सत्य आणि त्यातील मुत्सद्देगिरी या सर्वांची चिकित्सा केली. पत्र निघाले कोठून, गेले कोणत्या वाटेने, हेही सांगितले. ते अखेर पडले कोठे, याचा विचार मात्र मी कधी केला नाही. त्या अविचाराची किंमत मला एकदा मोजावी लागली. तो प्रसंग पुढे सांगेनच.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरची टपालपेटी ही आपल्याकडे परंपरेने आलेली वस्तू नाही. इतिहासातील दोन बदलांमुळे ती निर्माण झाली आणि आपण ती फारसा विचार न करता, घर बांधून झाल्यावर उरलेल्या विटांतून उभी केली. परिणामी शेकडो कोसांचा प्रवास सुखरूप करून आलेले पत्र शेवटच्या दोन हातांत असुरक्षित झाले. ज्यांची भाषा टपालाने घरी येत असे, त्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.

१. हातोहात

मराठेशाहीतील पत्र हे माणसाच्या हातून माणसाच्या हाती जात असे. जासूद किंवा कासीद ते घेऊन निघे. पुण्याची पत्रे नर्मदा ओलांडून महेश्वरास येत आणि महेश्वरची पुण्यास जात. अहिल्याबाईंच्या काळात ही वाट राजकारणाची नाडी होती. पत्र मोडीत लिहिलेले, लांबट कागदाचे, गुंडाळी केलेले असे. मातब्बरांचे असेल तर खलित्यात घातलेले, वर मोर्तब. जासूद वाड्याच्या देवडीवर येऊन थांबे. कारकून पत्र घेई, धन्यापुढे वाचून दाखवी आणि पुष्कळदा त्याच जासुदाच्या हाती जबाब परत जाई. पत्र दाराशी टाकून निघून जाणे ही कल्पनाच त्या व्यवस्थेत बसणारी नव्हती. पत्र पोहोचले याची खात्री म्हणजे घेणाऱ्याचा हात.

वाचून झालेल्या पत्राचे काय होई? ते दप्तरात जाई, रुमालात बांधले जाई. त्या रुमालांमुळेच आज आपल्याला अठराव्या शतकाचा इतिहास लिहिता येतो. दप्तरखान्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना कागदाचे शत्रू ठाऊक असतात : ओल, वाळवी, उंदीर आणि आग. जुन्या कारकुनांनाही ते ठाऊक होते. म्हणून दप्तर जमिनीवर ठेवीत नसत, भिंतीला लावून ठेवीत नसत आणि अधूनमधून वारा दाखवीत. हा साधा व्यवहार लक्षात ठेवावा. टपालपेटीच्या घडणीकडे वळू तेव्हा तो पुन्हा उपयोगी पडेल.

१८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि या गावाचे शहर होऊ लागले. १८५४ साली हिंदुस्थानभर एकच टपालदर आणि एकच तिकीट सुरू झाले. १८७०च्या दशकात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कर्जसाहाय्याने खांडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग आला आणि मुंबई-पुण्याचे टपाल आगगाडीने येऊ लागले. १८७७ साली व्ही. पी. सुरू झाली, १८७९ साली पोस्टकार्ड, १८८० साली मनिऑर्डर. १८८६ साली होळकर संस्थानाने तुकोजीरावांच्या चित्राचे स्वतःचे अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. इतके सारे बदलले, तरी दाराशी येऊन नाव पुकारणारा माणूस आणि पत्र घेणारा हात हे दोन्ही कायम राहिले.

२. फटीचा जन्म

घराला पत्रासाठी फट असावी ही गरज प्रथम इंग्लंडात निर्माण झाली आणि तिचे कारण पैशाच्या व्यवहारात होते. १८४०पूर्वी तेथे पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणारा देत असे. टपालवाल्याला दार ठोठावून, पैसे घेऊन, मगच पुढे जावे लागे. रोलंड हिल यांच्या सुधारणेने १८४० साली पेनीचे तिकीट आले आणि पैसे पाठविणाऱ्याने आधीच भरावेत अशी रीत पडली. आता टपालवाल्याला घरमालकाकडून काहीच घ्यावयाचे उरले नाही. मग त्याने दाराशी थांबावे कशासाठी? घराघरांनी दाराला फट पाडून घ्यावी, असा आग्रह टपालखाते धरू लागले. आपल्या महागनीच्या दाराला भोक पाडायचे की काय, असा संतप्त सवाल एका उमरावाने केल्याची कथा तेथील टपाल-इतिहासात सांगितली जाते. त्याचा राग समजण्यासारखा आहे. दाराला फट पाडणे म्हणजे परक्या हाताला घरात कायमची थोडी जागा देणे होय.

अमेरिकेत हीच गोष्ट अधिक सक्तीने झाली. दार उघडण्याची वाट पाहण्यात टपालवाल्यांचा रोज सुमारे दीड तास वाया जातो असे तेथील खात्याला आढळले आणि १९२३पासून घराला पेटी किंवा फट असल्याखेरीज टपाल मिळणार नाही असा नियम झाला. त्याआधी, १९१५ साली, खेड्यापाड्यांसाठी रॉय जोरोलमन या टपालखात्यातीलच अभियंत्याने बोगद्याच्या आकाराची पत्र्याची पेटी तयार केली होती आणि खात्याने ती मान्य केली होती. सव्वाशे रुपयांची असो की सव्वा रुपयाची, वस्तू विचारपूर्वक घडविली म्हणजे टिकते, याचे ते चांगले उदाहरण आहे. ती पेटी आजही ओळखीची आहे. पुढे तेथील सुखवस्तू वस्त्यांत रस्त्याच्या कडेला विटांचे भक्कम खांब बांधून त्यांत पेट्या बसविण्याची हौस निर्माण झाली. त्यांच्यावर मोटारी आदळून माणसे दगावू लागली, तेव्हा पेटीचा आधार धडकेने मोडेल इतपतच मजबूत असावा असे तेथील रस्ते-अभियंते सांगू लागले. विटांच्या बांधकामाला ताकद असते. ती कोठे हवी आणि कोठे नको, हा विवेक मात्र बांधणाऱ्याचा असावा लागतो.

आपल्याकडेही १८५४नंतर पैसे आधी भरण्याची रीत आली. मग फट का आली नाही? मला तीन कारणे दिसतात. पहिले, आपली दारे दिवसभर उघडी असत. दुसरे, मनिऑर्डर आणि व्ही. पी. यांना सही आणि पैसा लागे, म्हणून टपालवाल्याला माणूस भेटणे भागच होते. तिसरे कारण मोठे आहे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना पत्र वाचून दाखविणारा आणि त्यांचे उत्तर लिहून घेणारा माणूस अनेकदा तोच असे. त्याला फटीतून परत पाठविणे परवडणारे नव्हते.

३. ओटा, फाटक आणि तळमजला

इंदूरच्या जुन्या पेठांतील घरे रस्त्याला लागून असत. रस्ता, मग ओटा, मग दार. पोस्टमन ओट्याशी येई आणि पत्र हाती देई. घरात कोणी नसेल तर शेजारच्या ओट्यावर देई. तेही नसेल तर दाराच्या फळीतून आत सरकवी. आत गेलेले पत्र कोनाड्यात ठेवले जाई आणि सर्वांचे वाचून झाल्यावर खुंटीला टांगलेल्या आकडीच्या तारेत ओवले जाई. एकेका तारेत वर्षावर्षांची कार्डे असत. दुखवट्याचे, कोपरा फाडलेले कार्ड तेवढे त्या तारेत जात नसे. ते वाचून फाडले जाई. ओटा, कोनाडा आणि तार या तीन जागा मिळून त्या घराची टपालव्यवस्था पूर्ण होत असे. तिच्यात ओल शिरायला वाव नव्हता, कारण पत्र उघड्यावर क्षणभरही राहत नसे.

१९१८ साली पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबाराला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नयेत, शक्य तितक्या राखून सुधाराव्यात, ही त्यांची दृष्टी होती. त्याच सुमारास आणि त्यानंतर शहर पेठांबाहेर पसरत गेले. तुकोगंजचे बंगले, पुढे स्वातंत्र्यानंतरच्या वसाहती, त्यांत राजेंद्रनगर, लोकमान्यनगर यांसारख्या मराठी माणसांनी गजबजलेल्या वसाहतीही आल्या. या नव्या घरांत हवा आली, उजेड आला, झाडे आली. परंतु रस्ता आणि दार यांच्यामध्ये कुंपणाची भिंत, फाटक आणि दहा-पंधरा पावलांचे अंगणही आले. पोस्टमन फाटकाशी अडला. दुपारी घर बंद, कारण दोघेही नोकरीला. फाटकाच्या सळ्यांत पत्र अडकवून जाण्यावाचून त्याला गत्यंतर राहिले नाही. आपली घरची टपालपेटी या दहा-पंधरा पावलांतून जन्मली. इंग्लंडात तिला तिकिटाने जन्म दिला, आपल्याकडे अंगणाने.

तिसरी पायरी सदनिकांची. पेट्या तळमजल्यावर ओळीने आल्या आणि उंच इमारतींच्या तळमजल्यावर टपालपेटीची सोय असावी, असे कलम बांधकाम-नियमावल्यांत दिसू लागले. वसाहतीतील स्वतंत्र घराला मात्र असा कोणताही नियम नव्हता. तेथे सारे गवंड्याच्या आणि मालकाच्या मर्जीवर राहिले.

याच शहरात १९३०च्या दशकाच्या आरंभी यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. त्यातील खुर्च्या, दिवे, गालिचेदेखील त्या वास्तूसाठी विचारपूर्वक निवडलेले अथवा घडविलेले होते. याच शहरात १९८०च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अरण्य वसाहत रचली. नमुन्यादाखल बांधलेल्या तिच्या घरांत ओटा आणि पायऱ्या यांना, म्हणजे घर आणि रस्ता यांच्या मधल्या जागेला, त्यांनी फार मान दिला. १९९५ साली त्या कामास आगाखान पुरस्कार मिळाला. राजवाड्याचा विचार झाला, गरिबाच्या ओट्याचा विचार झाला. आपण मधल्या वर्गातल्या माणसांनी आपल्या फाटकाच्या खांबाचा विचार केला नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

४. टपालाने येणारी भाषा

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. माळव्यातील मराठी माणूस घरात मराठी आणि बाजारात हिंदी अशा दोन भाषांत वावरतो. घरातली भाषा बोलण्याने टिकते हे खरे; पण ती वाढते वाचनाने, आणि वाचावयाचे ते बहुतांशी मुंबई-पुण्याहून टपालाने येत असे. या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. असे तीन उत्सव शंभर वर्षांच्या कालावधीत होतात. त्यांच्या मधल्या काळात भाषेचा रतीब घालणारी यंत्रणा टपालाची होती. मासिके बुकपोस्टाने येत, पुस्तके व्ही. पी.ने येत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि त्यानंतर दिवाळी अंक ही मराठी घराची गरज बनली. पुण्यातील वाचकाला तो चौकातल्या दुकानात मिळे. येथील वाचक पोस्टमनची वाट पाही.

पत्त्याच्या इतिहासातही आपला एक धागा आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित व नाटककार. देशात भाषा अनेक, लिप्या अनेक, एकाच नावाची गावे अनेक. तेव्हा सर्वांना वाचता येईल असे सहा अंक त्यांनी पत्त्याला जोडले. त्या रचनेत महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश यांचा पहिला अंक एकच, ४. छत्तीसगडही त्यातच येते. राज्यपुनर्रचनेने १९५६ साली इंदूर मध्य प्रदेशात आले आणि १९६० साली महाराष्ट्र वेगळा झाला, तरी मुंबईचे ४००, पुण्याचे ४११, नागपूरचे ४४० आणि इंदूरचे ४५२ हे टपालाच्या हिशेबी एकाच अंकाच्या छत्राखाली राहिले. योगायोगापेक्षा अधिक अर्थ मी यात काढीत नाही. पण पुण्याच्या पाकिटावर ४५२ लिहिलेले पाहिले की बरे वाटे, हे कबूल करतो.

५. एक आंतर्देशीय पत्र

आम्ही १९८२ साली वसाहतीत घर बांधले. काम संपत आले तेव्हा शे-दीडशे विटा उरल्या. गवंड्याने त्यांचे काय करू म्हणून विचारले. मी म्हटले, फाटकाच्या खांबात टपालपेटी करून टाक. त्याने अर्ध्या दिवसात नऊ इंची भिंतीत एक कोनाडा काढला, पुढे आडवी फट ठेवली, मागे पत्र्याचे दार लावले आणि वर सपाट लादी टाकली. दोष त्याचा नाही. माप कोणते, उतार कोठे, पाऊस कोणत्या बाजूचा, हे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. ‘मराठी पत्रवाङ्मय’ या विषयावर मी त्याच महिन्यात एक निबंध लिहीत होतो.

१९८७च्या श्रावणात आम्ही आठ दिवस परगावी होतो. माळव्यात ती झड लागली होती. परत आल्यावर पेटी उघडली तर तळाशी बोटभर पाणी आणि त्यात कागदांचा लगदा. त्यात पुण्याच्या थोरल्या बहिणीचे निळे आंतर्देशीय पत्र होते. ती नेहमी शाईच्या पेनाने, बारीक अक्षरात, घडीच्या कडेपर्यंत भरून लिहीत असे. पत्र सावलीत वाळविले, अलगद उलगडले. आरंभीचा ‘चि.’ आणि शेवटचे ‘अनेक आशीर्वाद’ एवढे वाचता आले. मधली सारी शाई एक निळा डाग होऊन बसली होती. त्या काळी आमच्याकडे दूरध्वनी नव्हता. काय लिहिले होतेस, असे विचारणारे कार्ड मी टाकले. त्याचे उत्तर आले नाही. पंधरा दिवसांनी तार आली ती ती गेल्याची. तेराव्याच्या दिवशी भाची मला म्हणाली, “मामा, आईनं तुला सगळं सविस्तर लिहिलं होतं ना?” मी मान हलविली. आजवर मी तिला खरे सांगितलेले नाही.

दोनशे वर्षांपूर्वीची पत्रे रुमालात बांधलेली मी वाचली आहेत. माझ्या स्वतःच्या नावाचे पत्र मात्र माझ्याच विटांनी आठ दिवसही सांभाळले नाही.

६. पेटी कशी असावी

त्या वर्षी दसऱ्यानंतर मी तो खांब पाडला. पुढे जे शिकलो ते एका जाणत्या गवंड्याकडून आणि एका वृद्ध पोस्टमनकडून. दोघांनी सांगितलेले येथे एकत्र मांडतो. ज्यांना घर बांधावयाचे आहे त्यांनी हा भाग जपून ठेवावा.

पहिली गोष्ट मापाची. आपली परंपरागत वीट नऊ इंच लांब. म्हणून कुंपणाची चांगली भिंत नऊ इंच जाडीची. मोठ्या आकाराचे मासिक किंवा पूर्ण कागदाचे पाकीट पावणेबारा इंच लांब. म्हणजे नऊ इंची भिंतीतील कोनाड्यात ते आडवे मावणारच नाही. ते अर्धे बाहेर राहील किंवा मुरगळेल. दिवाळी अंकांचे कोपरे मोडतात ते यामुळे. आतील खोली किमान १३ इंच आणि रुंदी ११ इंच हवी. वाढीव खोली नेहमी अंगणाच्या बाजूस काढावी, रस्त्याच्या बाजूस कधीही नाही. रस्त्यावर पुढे आलेला विटांचा कोपरा चालणाऱ्याच्या खांद्याला आणि रात्रीच्या सायकलस्वाराला लागतो.

दुसरी गोष्ट फटीची. ती जमिनीपासून साडेतीन ते पावणेचार फुटांवर असावी. सायकलवरून न उतरता पोस्टमनचा हात तेथे पोहोचतो आणि म्हाताऱ्या माणसाला वाकावे लागत नाही. लांबी दहा इंच, उंची सव्वा इंच. याहून मोठी ठेवली तर बाहेरचा हात आत जातो, लहान ठेवली तर अंक जात नाही. फट आत जाताना थोडी वर चढणारी असावी, म्हणजे तिच्यावर पडलेले पाणी बाहेरच परतेल. वर तीन इंच पुढे आलेला छज्जा आणि त्या छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, बोटाएवढी खाच. ही खाच नसली तर पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून सरकत थेट फटीत उतरते. माझ्या पहिल्या पेटीत हेच झाले होते. आपल्याकडील पाऊस बहुधा पश्चिमेकडून झोडपतो. शक्य असेल तेथे फटीचे तोंड त्या दिशेला करू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वीट पाणी पिते. बाहेरून गिलावा केला तरी पावसाळ्यात तिच्यात ओल राहते आणि तिला टेकलेला कागद ती ओल ओढून घेतो. म्हणून विटांनी केवळ घर व्हावे. पत्राने राहावे ते आतल्या पेटीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची सुटी पेटी करून ती कोनाड्यात बसवावी आणि तिच्या चारही बाजूंना बोटभर जागा मोकळी सोडावी. पेटीच्या तळाशी भोके आणि तळापासून इंचभर उंच जाळीची फळी. कोनाड्याचा तळ कोटा फरशीचा, बाहेर उताराचा, पाणी निघून जाण्यास बारीक वाट ठेवलेला. जुने कारकून दप्तर जमिनीला आणि भिंतीला टेकू देत नसत, हे आठवावे. त्यांचाच हा नियम आहे.

चौथी गोष्ट हवेची आणि किड्यांची. मागचे दार अंगणाच्या बाजूस, कडीकोयंड्याचे असावे आणि त्याला वरच्या भागात बारीक जाळीची झरोकी असावी. जाळी नसली तर गांधीलमाशा पोळे करतात, कुंभारीण मातीचे घर बांधते आणि पाली वस्तीला येतात. त्या वृद्ध पोस्टमनने मला सांगितले की, काही पेट्यांत तो हात घालीतच नसे. एकदा डंख बसला म्हणजे पुढची पत्रे फाटकात. फटीवरची झडप हलकी असावी आणि ती बाहेरून वर उचलणारी असावी. जड झडप बोटे चिमटते.

पाचवी गोष्ट पायाची. इंदूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायावरचा स्वतंत्र खांब दोन-चार वर्षांत कलतो, गिलाव्याला चीर पडते आणि त्या चिरेतून पाणी आत जाते. काळी माती काढून मुरुमापर्यंत पाया न्यावा. निदान खांब कुंपणाच्या भिंतीशी एकजीव बांधावा.

शेवटची गोष्ट नावाची. घर क्रमांक, नाव, वसाहत आणि पिन एवढे देवनागरीत, ठसठशीत अक्षरांत, फटीच्या वर लिहावे. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक आहे. या गावी आपल्याला लाभलेली ही सवलत थोडी नाही. आपले नाव आपल्या लिपीत लिहूनही ते कोणत्याही पोस्टमनला वाचता येते.

७. समारोप

कोणी म्हणेल, आता पत्रे येतात कोठे? प्रश्न टाळण्याजोगा नाही. २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन झाली. १८९८च्या टपाल कायद्याच्या जागी २०२३चा कायदा आला आणि तो जून २०२४पासून अमलात आला. २०२५ साली टपालखात्याने ‘डिजिपिन’ ही दहा अक्षरांकांची नवी ओळख जाहीर केली. तिच्यामुळे देशातील सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे ओळखता येतो. वेलणकरांच्या सहा अंकांनी पत्र वाटपाच्या टपालघरापर्यंत आणले. या नव्या खुणेने ते चार मीटरांच्या चौकोनापर्यंत आले. त्या चौकोनातील शेवटचे दोन हात मात्र आजही घरमालकाच्या स्वाधीन आहेत.

पत्रे कमी झाली हे खरेच. पण त्यामुळे जे एखादे येते त्याचे मोल वाढले आहे. बँकेचा कागद, न्यायालयाची सूचना, वर्गणी भरलेले मासिक, दिवाळी अंक आणि कधीतरी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचे कार्ड. पूर्वी दहांपैकी एक पत्र भिजले तर नऊ हाती लागत. आता येणारेच एक असते.

या शाळेतून शिकून गेलेल्यांत अभियंते आहेत, वास्तुविशारद आहेत, घरे बांधणारे आहेत आणि घरे बांधून घेणारे तर सर्वच आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की, घराचा नकाशा कागदावर काढाल तेव्हा देवघर आणि स्वयंपाकघर यांच्याबरोबर टपालपेटीचीही जागा त्याच वेळी आखावी. उरलेल्या विटांवर ती सोडू नये. शाळेलाही एक सुचवावेसे वाटते. नववी-दहावीच्या मुलांनी पट्टी घेऊन आपापल्या गल्लीतील पेट्यांची मापे घ्यावीत, कोणती भिजते आणि का भिजते याची नोंद करावी आणि शाळेच्या फाटकाशी एक चांगली पेटी स्वतः बांधावी. भूमिती, विज्ञान आणि इतिहास यांचा तो एकत्रित धडा होईल.

दसऱ्यानंतर बांधलेली माझी दुसरी पेटी आजही उभी आहे. तिने अनेक पावसाळे पाहिले. तिच्यातले एकही पत्र भिजले नाही. बहिणीचे ते निळे पत्र मी एका जाड पाकिटात घालून, रुमालात बांधून, फळीवर भिंतीपासून दूर ठेवले आहे. त्यात वाचण्यासारखे दोन-तीन शब्दच आहेत. तरी वर्षातून एकदा मी त्याला वारा दाखवितो.

गुरुजींच्या स्मृतीस पुन्हा वंदन करून माझे व्याख्यान पुरे करतो.